पदच्छेद, यंत्र आणि ‘मोची’ देवपाल : संस्कृतच्या संगणकीय अभ्यासाची पूर्वपीठिका

१. पुरानी बस्ती आणि दोन शिलालेख

पुरानी बस्ती हा रायपूर शहराचा जुना गाभा होय. महामाया मंदिर आणि जैतूसाव मठ ही या वस्तीची ओळख; बूढा तालाबही जवळच. येथे संस्कृत कानावर पडते ती प्रामुख्याने पूजाविधी, स्तोत्रपठण आणि कथाप्रवचन यांतून. मराठीचा या भूमीशी संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढात आल्या आणि १७५८ नंतर बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून या मुलखाचा कारभार पाहिला. मराठीभाषक घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे बरेचसे आयुष्य याच शहराशी निगडित होते. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले. संस्कृत, मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या चार भाषांचा असा शेजार तुलनाकारांना परिचित आहे. परंतु संस्कृतच्या संगणकीय अभ्यासाच्या संदर्भात त्याचा विचार सहसा होत नाही.

तो करण्यास निमित्त ठरावेत असे दोन शिलालेख या परिसराने दिले आहेत. दोन्ही रायपूरच्या कलचुरी शाखेतील राजा ब्रह्मदेव याच्या काळातले. पहिला रायपूरचा, विक्रम संवत १४५८ म्हणजे इ.स. १४०२ मधला, त्यात नायक हाजिराज याने हाटकेश्वराचे देऊळ बांधल्याची नोंद आहे. दुसरा आजच्या महासमुंद जिल्ह्यातील खल्लारी येथील, विक्रम संवत १४७० म्हणजे इ.स. १४१५ मधला, त्यात देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे देऊळ उभारल्याचे सांगितले आहे. चर्मकाम करणाऱ्या एका माणसाने विष्णूचे देऊळ बांधावे आणि त्याची नोंद राजवंशाच्या वर्णनासह संस्कृतात कोरली जावी, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वाङ्मयाच्या दृष्टीनेही तिचे मोल कमी नाही, कारण राजप्रशस्तीच्या साच्यात येथे एका कारागिराला जागा मिळाली आहे.

या लेखांचे पहिले विद्वान संपादक फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०–१९०८). १८६६ ते १८८१ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. पतंजलीच्या ‘महाभाष्या’चे संपादन आणि नागोजीभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे भाषांतर ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. पुढे नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनी कलचुरी-चेदी कालाच्या लेखांचा बृहत्संग्रह १९५५ साली सिद्ध केला आणि त्यात या भागातील लेखांचा सविस्तर परामर्श घेतला. एक वैयाकरण आणि एक मराठी पुराभिलेखविद यांच्या वाचनातून देवपाल आजच्या वाचकापर्यंत पोचला आहे. प्रश्न असा की, हेच वाचन यंत्राकडे सोपवले तर देवपाल मोची राहील काय?

प्रस्तुत विवेचनाचा रोख या प्रश्नावर आहे. संस्कृतचा संगणकीय अभ्यास शिकणे म्हणजे प्रथम आज्ञावली लिहिणे शिकणे, असा समज आढळतो. वस्तुतः ते वाचताना आपण मनातल्या मनात जे निर्णय घेतो ते ओळखणे, त्यांची नोंद करणे आणि जेथे निर्णय घेता येत नाही तेथे पर्याय राखून ठेवणे, याचे शिक्षण असते.

२. जुनी पाच अंगे

संस्कृत टीकापरंपरेने व्याख्यानाची पाच अंगे मानली आहेत : पदच्छेद, पदार्थोक्ती, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेप-समाधान. श्लोक हाती आला की प्रथम संधी सोडवून पदे वेगळी करायची. मग प्रत्येक पदाचा अर्थ सांगायचा. समासांचा विग्रह करायचा. कर्ता, कर्म, क्रिया यांचा अन्वय लावायचा. आणि अखेर शंका उपस्थित करून तिचे निरसन करायचे. पाठशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाडीमाशी हा क्रम मुरलेला असतो.

संगणकीय भाषाविज्ञानात लिखित पाठावर ज्या क्रमाने प्रक्रिया होते तो क्रम याच्याशी जवळजवळ जुळतो. शब्दखंडन, पदविश्लेषण, समासविश्लेषण, वाक्यविश्लेषण आणि त्यापुढील अर्थनिर्णय असे तेथील टप्पे आहेत. मात्र एक मूलभूत भेद ध्यानी घेतला पाहिजे. टीकाकार पदच्छेद करताना अन्वय आधीच मनात धरून असतो. पाचही अंगांचा विचार त्याच्या मनात एकदम चालतो; कागदावर मात्र तो पायरीपायरीने उतरतो. यंत्राला पहिल्या पायरीवर उभे केले तर पुढच्या पायऱ्यांचे ज्ञान त्याला आपोआप मिळत नाही. ते कोणत्या ना कोणत्या रूपात पुरवावे लागते.

३. अक्षरापूर्वीचे ध्वनी

पहिली अडचण लिपीची. देवनागरी ही अक्षराधिष्ठित लिपी आहे. ‘क’ या एका चिन्हात व्यंजन आणि ‘अ’ हा स्वर दोन्ही असतात. पाणिनीचे नियम मात्र वर्णांवर चालतात. म्हणून यंत्राच्या आत संस्कृत साठवताना एका वर्णाला एकच चिन्ह असा संकेत सोयीचा ठरतो. कानपूरच्या आयआयटीत रूढ झालेली डब्ल्यूएक्स पद्धती आणि पीटर शार्फ यांच्याशी निगडित असलेली एसएलपी-१ ही लिप्यंतरे याच गरजेतून आली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या कार्यामुळे भारतीय लिप्यांना संगणकावर स्थान मिळाले. १९९१ च्या इस्की मानकात आणि त्यानंतर युनिकोडमध्ये देवनागरीची जागा निश्चित झाली. ही मानके लेखन आणि छपाईच्या कामी अपरिहार्य आहेत. व्याकरणाच्या कामासाठी त्यांतून पुन्हा वर्णमालेकडे जावे लागते.

शिलालेखाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. मध्य भारतातील मध्ययुगीन लेखांत ‘ब’ आणि ‘व’ यांसाठी एकच चिन्ह, किंवा ‘श’ च्या जागी ‘स’, असे प्रकार वारंवार आढळतात. ‘सकल’ म्हणजे संपूर्ण आणि ‘शकल’ म्हणजे तुकडा; दोन्ही शब्द कोशात आहेत. शिवालयाच्या लेखात ‘शंकर’ हे नाव दंत्य सकाराने कोरले गेले तर यंत्राच्या हाती ‘संकर’ म्हणजे मिश्रण हा निर्दोष शब्द लागतो. चूक दिसावी असे काहीच उरत नाही, कारण चुकीचे रूपही भाषेतले शुद्ध रूपच असते. अशा ठिकाणी कोरलेला पाठ आणि शुद्ध केलेला पाठ हे दोन्ही स्वतंत्रपणे साठवावे लागतात. पुराभिलेखांच्या छापील आवृत्त्यांत कंसांचे आणि तळटीपांचे जे संकेत कीलहॉर्न, मिराशी प्रभृतींनी पाळले त्यांचा हेतू हाच होता. आज एपिडॉक या चिन्हांकनपद्धतीत तुटलेले अक्षर, संदिग्ध अक्षर, संपादकाने पुरवलेले अक्षर आणि सुधारलेले अक्षर यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या जातात. जुन्या संपादनशिस्तीचेच हे नवे रूप होय.

४. संधीचा उलटा प्रवास

संधीचे नियम पुढच्या दिशेने निश्चित असतात. उलट दिशेने ते निश्चित राहत नाहीत. ‘अ’ किंवा ‘आ’ यापुढे ‘अ’ किंवा ‘आ’ आला की ‘आ’ होतो. पाठात ‘आ’ दिसला की त्यामागे या चार जोड्यांपैकी कोणतीही असू शकते, किंवा तेथे संधी नसून ‘आ’ हा पदाच्या आतलाच स्वर असू शकतो. म्हणजे प्रत्येक दीर्घ ‘आ’ गणिक पाच शक्यता. एका श्लोकात असे दहा ‘आ’ असले तर केवळ या एका नियमामुळे कागदावरच्या शक्यतांची संख्या ९७,६५,६२५ होते. यांतील बहुतेक शक्यता कोशाच्या आधारे तत्काळ बाद होतात, कारण त्यांतून तयार होणारी पदे भाषेत नाहीत. तथापि सर्वच बाद होत नाहीत.

‘सदासत्यम्’ ही अक्षरमालिका घ्यावी. सलग लेखनात ती ‘सदा सत्यम्’ अशीही वाचता येते आणि ‘सदा असत्यम्’ अशीही. दोन्ही पदच्छेद व्याकरणशुद्ध आहेत, दोहोंची अक्षरसंख्या आणि लघुगुरुक्रम एकच आहेत, त्यामुळे छंदाचीही मदत होत नाही. अर्थ मात्र परस्परविरुद्ध आहेत. छापील पुस्तकात पदांमधील मोकळी जागा किंवा अवग्रहाचे चिन्ह हा निर्णय आपल्यासाठी आधीच घेऊन ठेवते. शिळेवर अशी मोकळी जागा नसते. हस्तलिखितांतही ती क्वचितच असते.

या प्रश्नाला भिडण्याचा एक मार्ग फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ झेरार ह्युए यांनी दाखवला. त्यांनी स्वतः रचलेला संस्कृत-फ्रेंच कोश पाया मानला, त्यातील प्रातिपदिके आणि धातू यांची रूपे यंत्राकडून तयार करून घेतली आणि संधिनियम उलट दिशेने चालवून पाठाचे खंडन केले. पुढे पवन गोयल यांच्यासह त्यांनी अशी वाचनव्यवस्था विकसित केली की, वाक्याचे सर्व संभाव्य खंड एका तक्त्यात समोर येतात आणि वाचक त्यांतून निवड करीत जातो. निवड यंत्राने करावी की माणसाने, हा तांत्रिक सोयीचा प्रश्न वाटतो; साहित्याच्या अभ्यासकासाठी तो तत्त्वाचा आहे. त्याची चर्चा पुढे येईल.

५. एक रूप, अनेक पदे

पदे वेगळी झाली तरी त्यांचे रूप ठरवणे बाकी राहते. मुंजीत बटू भिक्षा मागताना ‘भवति’ असे संबोधन करतो. हे ‘भवती’ या आदरार्थी स्त्रीलिंगी शब्दाचे संबोधन होय. हेच अक्षररूप ‘भू’ धातूचे वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचन आहे, आणि ‘भवत्’ या शब्दाची सप्तमीही हीच. व्याकरणावर आधारलेले यंत्र तिन्ही उत्तरे देईल. वारंवारितेवर आधारलेले यंत्र बहुधा क्रियापद निवडील, कारण संस्कृत वाङ्मयात ते अधिक आढळते. मुंजीला उपस्थित असलेल्या कोणाही मराठी माणसाला जे सहज कळते ते कळण्यास यंत्राला प्रसंगाचे ज्ञान लागते.

समासांत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ‘पीताम्बर’ म्हणजे पिवळे वस्त्र, हा कर्मधारय. आणि पिवळे वस्त्र ज्याचे तो, म्हणजे विष्णू, हा बहुव्रीही. घटक तेच आणि त्यांचा क्रमही तोच. बदलतो तो निर्देशाचा विषय. मराठीत ‘पितांबर’ हा शब्द सोवळ्याच्या रेशमी वस्त्रासाठी रूढ झाला आहे. म्हणजे मराठी वाचकाच्या कानाला वस्त्राचा अर्थ आधी जाणवेल, संस्कृत स्तोत्राच्या वाचकाला देवाचा. नारायणाच्या देवळाच्या लेखात असा शब्द आला तर कोणता अर्थ घ्यायचा हे समास सांगणार नाही, वाक्य सांगेल.

वाक्याच्या पातळीवर भारतीय परंपरेने जी साधने घडवली ती संगणकीय अभ्यासाला प्रत्यक्ष उपयोगी पडली आहेत. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. योग्यता म्हणजे त्यांच्या अर्थांचा मेळ. संनिधी म्हणजे त्यांचे सान्निध्य. अग्नीने सिंचन होत नाही, म्हणून तेथे योग्यता नाही, हे उदाहरण न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अक्षर भारती’ या नावाने कानपुरात केलेल्या कामातून कारकविचार भारतीय भाषांच्या यंत्रविश्लेषणाला जोडला गेला. त्याची मांडणी करणारा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. क्रियापद हे केंद्र, आणि कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण हे त्याच्याशी असलेले संबंध, अशी ही रचना. पदक्रम मोकळा असलेल्या भाषांना ती विशेष मानवते. हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या ‘संसाधनी’ या साधनसंचाने शाब्दबोधाच्या याच चौकटीवर संस्कृत वाक्यांचे विश्लेषण उभे केले. पद्यात संनिधी शिथिल होते. विशेषण पहिल्या चरणात आणि विशेष्य चौथ्या चरणात असू शकते. म्हणून तेथे आकांक्षा आणि योग्यता यांवर अधिक भार द्यावा लागतो. टीकाकारांनीही अन्वय लावताना हेच केले होते.

६. नियम आणि नमुने

येथे एका लोकप्रिय समजाचा उलगडा करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली एका संशोधनपत्रिकेत संस्कृत आणि ज्ञानाचे यांत्रिक निरूपण यांवर लेख लिहिला. त्यानंतर संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे, असे विधान सर्वतोमुखी झाले. ब्रिग्ज यांचा विषय मर्यादित होता : शाब्दबोधाच्या चर्चेत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर परिभाषेत उलगडून सांगतात, तिचे अर्थजालांशी असलेले साम्य. संस्कृत काव्य यंत्राला सोपे जाते, असा त्याचा अर्थ होत नाही. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे अत्यंत काटेकोर आहेत हे खरे. परंतु ती रूपे सिद्ध करण्यासाठी आहेत. वाचन हा त्याच्या उलट प्रवास आहे, आणि काटेकोर नियम उलटे चालवले की अनेक उत्तरे निघतात, हे वर दिसलेच.

सिद्धीच्या दिशेनेही सारे निर्विवाद नाही. दोन सूत्रे एकाच वेळी प्राप्त झाली तर कोणते बलवान, हा प्रश्न पतंजलीपासून नागोजीभट्टांपर्यंत चर्चिला गेला. ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ मुख्यतः अशाच निर्णयांच्या नियमांचा आहे. अष्टाध्यायीतील १.४.२ या सूत्राचा नवा अर्थ लावून हा प्रश्न सोपा करता येतो, असे प्रतिपादन ऋषी राजपोपट यांनी केंब्रिज विद्यापीठातील प्रबंधात केले. २०२२ साली त्याची बरीच चर्चा झाली आणि त्यावर मतभेदही प्रकट झाले. संगणकासाठी पाणिनी लिहून काढणाऱ्याला या वादात बाजू घ्यावीच लागते. यंत्र ‘दोन्ही मते आहेत’ असे म्हणून थांबत नाही.

दुसरा मार्ग नियमांऐवजी नमुन्यांचा. माणसांनी आधी पदच्छेद करून ठेवलेला मोठा संग्रह यंत्रापुढे ठेवायचा आणि त्यावरून त्याला निवड शिकवायची. ऑलिव्हर हेलविग यांनी उभारलेला संस्कृतचा अंकीय भाषासंग्रह या मार्गाचा आधारस्तंभ आहे. त्यावर प्रशिक्षित केलेल्या जालरचना २०१८ पासून पदच्छेदात लक्षणीय यश मिळवू लागल्या. २०२४ साली पदच्छेद, मूलरूप आणि वाक्यसंबंध ही कामे एकाच यंत्राकडून करून घेणारी प्रारूपेही पुढे आली. अशा संग्रहांत इतिहास, पुराणे, काव्य आणि शास्त्रग्रंथ यांचे प्राबल्य असणे स्वाभाविक आहे. जे नमुन्यांत आहे ते यंत्र ओळखते; जे नाही त्याला ते ओळखीच्या साच्यात बसवते.

महाराष्ट्रातील विद्वत्परंपरेने या क्षेत्रासाठी फार आधी पाया घातला होता, हेही नमूद केले पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ या काळात झाले. मुनेओ तोकुनागा यांनी तिचा संगणकीय पाठ तयार केला आणि जॉन स्मिथ यांनी तो सुधारला. आज महाभारताविषयी केल्या जाणाऱ्या बहुतेक यांत्रिक गणनांच्या मुळाशी हा पाठ आहे. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने १९४८ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचे स्थळ आणि संदर्भ. आजच्या परिभाषेत हे हाताने केलेले चिन्हांकनच आहे. मुंबईच्या आयआयटीत मल्हार कुलकर्णी आणि पुष्पक भट्टाचार्य प्रभृतींनी संस्कृत शब्दजालाचे काम केले आणि त्याची सांगड हिंदी, मराठी आदी भाषांच्या शब्दजालांशी घातली. संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाचे पहिले आंतरराष्ट्रीय चर्चासत्र २००७ साली पॅरिसला, तिसरे २००९ साली हैदराबादला आणि पाचवे २०१३ साली मुंबईच्या आयआयटीत भरले.

७. मोची की सोडवणारा?

आता खल्लारीच्या देवपालाकडे परतता येईल. ‘मोची’ हा शब्द वाचताना मराठी, हिंदी वा छत्तीसगढी वाचक क्षणभरही थांबत नाही. पण शास्त्रीय संस्कृताच्या शब्दसंग्रहावर बांधलेल्या यंत्राच्या कोशात हा शब्द व्यवसायवाचक म्हणून नोंदलेला नसेल, तर व्याकरणाच्या बळावर ते काय करील? ‘मुच्’ म्हणजे सोडवणे. त्यापासून ‘मोचिन्’, म्हणजे सोडवणारा. ‘पापमोचिनी’ या परिचित शब्दात हेच अंग आहे. ‘मोचिन्’चे प्रथमा एकवचन ‘मोची’. व्युत्पत्ती सुसंगत, रूप शुद्ध, संदर्भ देवळाचा. नारायणाचे मंदिर बांधणारा देवपाल ‘मुक्त करणारा’ ठरतो, आणि हा अर्थ धार्मिक लेखात शोभूनही दिसतो.

अशा उत्तराला व्याकरणदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही. तरी त्यात एक माणूस नाहीसा होतो. चामड्याचे काम करणारा दाता जाऊन त्याच्या जागी भक्तीचे एक सर्वसाधारण विशेषण येते. हीच नोंद पुढे गणनेत गेली तर ‘मुक्ती’विषयक शब्दांच्या यादीत एकाची भर पडेल आणि कारागीरवाचक शब्दांच्या यादीतून एक वजा होईल. एका लेखाने फरक पडणार नाही. पण मध्ययुगीन लेखांत लोकभाषांतील व्यवसायनामे, गावांची नावे, करांची आणि मापांची नावे ठिकठिकाणी येतात. ती सर्व जर अशाच रीतीने शुद्ध संस्कृत धातूंत विरघळू लागली, तर यंत्रातून बाहेर पडणारे संस्कृत वाङ्मय प्रत्यक्षात होते त्याहून अधिक एकजिनसी, अधिक राजदरबारी आणि अधिक धार्मिक दिसेल. ‘हाजिराज’ यासारखी विशेषनामेही या धोक्यापासून मुक्त नाहीत. नाव हे नाव आहे, हे आधी सांगितल्याशिवाय यंत्र त्याचेही खंड करू पाहील.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांसाठी या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोचीच्या बाबतीत दोन अर्थांपैकी एकच खरा आहे. श्लेषकाव्यात दोन्ही खरे असतात. धनंजयाचे ‘द्विसंधान’ किंवा कविराजाचे ‘राघवपाण्डवीय’ अशा काव्यांत एकच अक्षरमालिका एकदा रामकथा आणि एकदा पांडवकथा सांगते, आणि त्यासाठी कवी पदच्छेदाचे दुहेरीपण हेतुपुरस्सर योजतो. जे यंत्र प्रत्येक ठिकाणी एकच ‘सर्वाधिक संभाव्य’ उत्तर देते, ते येथे काव्याचा अर्धा भाग वगळते, आणि वगळल्याची खूणही ठेवत नाही. सर्व पर्याय समोर ठेवणारी व्यवस्था संथ आणि कष्टप्रद असली, तरी अशा पाठांसाठी तीच उचित होय. संदिग्धता हा कोठे दोष असतो, कोठे अलंकार असतो आणि कोठे केवळ अज्ञान असते. या तीन गोष्टींत भेद करणे हे साहित्यविचाराचे काम आहे. ते यंत्राच्या स्वाधीन करता येत नाही.

८. शिकण्याचा क्रम

या विवेचनावरून शिकण्याचा एक व्यवहार्य क्रम सुचतो. प्रारंभी मोठा ग्रंथ घेऊ नये. वीसेक ओळींचा एखादा लेख घ्यावा. शक्यतो असा, की ज्याचे विश्वसनीय संपादन आणि भाषांतर उपलब्ध आहे. प्रथम संपादकाचा पाठ बाजूला ठेवून ओळींचा सलग पाठ वर्णशः लिहावा. मग हाताने पदच्छेद करावा आणि प्रत्येक छेदासमोर त्याचे कारण लिहावे : संधिनियम, छंद, कोश, प्रसंग किंवा निव्वळ सवय. ‘सवय’ हे उत्तर जितक्या वेळा येते ते पाहून व्युत्पन्न वाचकही चकित होतो. त्यानंतर तोच पाठ नियमाधिष्ठित आणि नमुनाधिष्ठित अशा दोन साधनांना द्यावा आणि तिन्ही वाचने शेजारी मांडावीत.

या वाचनांत फरक आढळले की त्यांची वर्गवारी करावी. काही फरक कोशाच्या अपुरेपणाचे असतील, काही कोरक्याच्या लेखनपद्धतीचे, काही खऱ्या द्व्यर्थाचे, आणि काही वाचकाच्या स्वतःच्या चुकीचे. पहिल्या वर्गासाठी पूरक शब्दसूची तयार करावी लागते. दिनेशचंद्र सरकार यांचा १९६६ सालचा भारतीय पुराभिलेखांचा शब्दकोश या कामी आधारभूत आहे. परंतु प्रत्येक प्रदेशासाठी त्यात स्थानिक भर लागेल. दुसऱ्या वर्गासाठी त्या प्रदेशाच्या आणि शतकाच्या लेखनसंकेतांचे नियम स्वतंत्र लिहावे लागतात. तिसऱ्या वर्गासाठी दोन्ही वाचने राखणारी नोंदपद्धती लागते. चौथ्या वर्गाचा लाभ वाचकाला होतो. आज्ञावलीची भाषा या ओघात शिकता येते. तिच्याकडून काय हवे हे तोवर ठरलेले असते.

या क्रमात पारंपरिक पाठशाळेत शिकलेल्याची आणि संगणकशास्त्र शिकलेल्याची उणीव परस्परपूरक असते. एकाला नियम ठाऊक असतात पण आपण ते केव्हा वापरले हे सांगण्याची सवय नसते. दुसऱ्याला पायऱ्या मांडता येतात पण त्या कशाच्या हे ठाऊक नसते. तिसऱ्या प्रकारच्या जाणकाराचा उल्लेख मात्र अभ्यासक्रमांत क्वचित होतो. तो म्हणजे लोकभाषा जाणणारा वाचक. पुरानी बस्तीसारख्या वस्तीत छत्तीसगढी, हिंदी आणि मराठी कानावर घेत वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘मोची’ म्हणजे कोण, हे सूत्रावरून सिद्ध करावे लागत नाही. त्याचे हे ज्ञान संस्कृतच्या अभ्यासात आजवर गृहीत धरले गेले. शब्दसूचीत ते लिहिले गेले नाही. कीलहॉर्न आणि मिराशी यांना ते वापरता आले, कारण ग्रंथांइतकाच या देशातील बोलत्या भाषांशीही त्यांचा परिचय होता. यंत्राला ते वापरता यावे असे वाटत असेल, तर कोणीतरी ते एकेक शब्दाने नोंदवले पाहिजे. त्या सूचीतील पहिली नोंद ‘मोची : चर्मकाम करणारा, खल्लारी, वि. सं. १४७०’ अशी असण्यास हरकत नाही.